पायलोनायडल सायनसची फ्लॅप सर्जरी: कोणता फ्लॅप, कधी आणि कोणत्या क्रमाने

पायलोनायडल सायनस म्हणजे माकडहाडावर कातडीत केस शिरून झालेली, पू वाहणारी पोकळी. या आजाराचे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड असतं. गाठ काढली, मधोमध टाके घातले, वर्ष-दोन वर्षं बरी गेली आणि पुन्हा पू सुरू झाला. नातेवाईक विचारतात, ‘लेझरने होईल का?’, ‘टाके किती?’, ‘सुट्टी किती दिवस?’ विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: टाक्यांची रेघ नेमकी कुठे येणार? नितंबांमधल्या घळीच्या तळाशी की तिच्या बाहेर, एका बाजूला? निकाल बराचसा यावर ठरतो. फ्लॅप, म्हणजे शेजारच्या कातडी-चरबीचा तुकडा सरकवून जखम झाकणं, करतात तो ही रेघ बाजूला नेण्यासाठी. उरलेला ठरतो तयारीवर आणि ऑपरेशननंतरच्या काळजीवर. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने वाचा आणि मधला एकही गाळू नका.

टप्पा १: आजार हाच आहे ना, हे आधी पक्कं करा

पायलोनायडल सायनसची खूण म्हणजे घळीच्या अगदी मधोमध, गुदद्वाराच्या बरंच वर दिसणारी बारीक छिद्रं. कधी एकच असतं, कधी रांगेत तीन-चार. एखाद्या छिद्रातून केसाचं टोक डोकावताना दिसतं. पू मात्र बऱ्याचदा या छिद्रांतून न येता वर एका बाजूला, नितंबावर फुटलेल्या फोडातून येतो. पेशंट त्या फोडालाच आजार समजतो आणि मलमपट्टी तिथेच होत राहते. आजाराचं मूळ मधल्या छिद्रांत असतं.

घरच्या कुणाकडून मोबाइलवर चांगल्या उजेडात, घळ दोन्ही हातांनी अलगद उघडून एक फोटो काढून घ्या. स्वतःला ही जागा दिसत नाही. मुली आणि बायका तर संकोचापोटी महिनोन्महिने पॅड लावून दिवस काढतात. आयांनी हे स्वतःहून विचारावं.

तीन आजारांशी गल्लत होते. पहिला भगंदर: त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ असतं आणि वाट आतल्या बाजूला जाते. शंका असेल तर एमआरआय करून घ्यावा. दुसरा केसतोड: त्यात मधोमध छिद्रं नसतात. तिसरा हायड्राडेनायटिस: त्यात काखेत आणि जांघेतही तसेच फोड येतात. तिथे काही आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

> सावध: जखम अनेक वर्षं वाहते आहे, कडा टणक किंवा फुलकोबीसारख्या झाल्या आहेत, सहज रक्त येतं, अशा वेळी फ्लॅपचा विचार करण्याआधी बायोप्सी हवी. जुनाट सायनसमध्ये कर्करोग क्वचित होतो, पण होतो.

टप्पा २: पू भरलेला असताना फ्लॅप नाही

लाल, गरम, ठणकणारी गाठ आणि ताप असेल तर त्या दिवशीचं काम एकच: पू बाहेर काढणं. चीर मधोमध न घेता थोडी बाजूला घ्यावी, कारण मधली जखम भरायला फार वेळ घेते. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांवर साचलेला पू जिरत नाही. आठवडाभर गोळ्या खाऊन वाट पाहिली की पोकळी आत पसरते आणि पुढचं ऑपरेशन मोठं होतं.

पू काढला की दोन दिवसांत दुखणं थांबतं, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पेशंट बरा झालो म्हणून परत येत नाही. आतली पोकळी, केस आणि मधली छिद्रं तशीच असतात. सूज पूर्ण उतरायला काही आठवडे द्या आणि मग पुन्हा दाखवा. काहींना त्यानंतर त्रास होतच नाही, त्यांनी केसांची काळजी घ्यावी (टप्पा ८) आणि लक्ष ठेवावं. ज्यांचं पाणी किंवा पू येत राहतो, त्यांनी पुढे वाचावं.

> तपासा: जागा दाबल्यावर दुखते का? कातडी अजून लाल आणि ताणलेली आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तरच मोठ्या ऑपरेशनची तारीख घ्या.

टप्पा ३: फ्लॅपची गरज आहे का, ते ठरवा

प्रत्येक सायनसला फ्लॅप लागत नाही. एखादंच छिद्र, त्रास काहीच नाही, तर हातही लावू नये. आजार थोडक्या जागेत असेल तर नुसती छिद्रं कोरून काढणं, फिनॉल (पोकळी आतून जाळणारं रसायन) भरणं, लेझर किंवा दुर्बिणीतून आतली पोकळी साफ करणं हे पर्याय आहेत. त्यात जखम लहान राहते, माणूस लवकर कामाला लागतो. पण या सगळ्यांत खोल घळ तशीच राहते, त्यामुळे आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यता फ्लॅपपेक्षा जास्त धरावी. हे मान्य करून लहान उपचार निवडला तर त्यात चूक नाही. जाहिरातीत ‘कायमचा इलाज’ वाचून निवडू नका.

फ्लॅप लागतो तो अनेक छिद्रं असताना, आतल्या पोकळीचे फाटे दूरवर गेलेले असताना, आजार परत आलेला असताना किंवा आधीची जखम भरतच नसताना.

टप्पा ४: फ्लॅपचे प्रकार समजून घ्या

घळीचा तळ खोल, घामाने ओला आणि हवा न लागणारा. दोन्ही नितंब तिथे एकमेकांवर घासतात आणि गळून पडलेला केस टोकाकडून कातडीत ढकलला जातो. ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी आजाराचं गणित तीन गोष्टींवर मांडलं: सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर आणि नाजूक कातडी. मधोमध टाके घातले की नवा व्रण पुन्हा त्याच ओल्या, घासणाऱ्या जागी येतो. शिवाय बसताना दोन्हीकडून ताण पडतो आणि टाका सुटतो. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१० सालच्या आढाव्याचा निष्कर्ष यावर स्पष्ट आहे: जखम टाके घालून बंद करायची असेल तर ती मधल्या रेषेपासून बाजूला बंद करणं हीच प्रमाण पद्धत असावी. तरीही मधोमध शिवणं अजून चालू आहे, कारण ते सोपं आणि झटपट होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण भोगतो तो पेशंट.

*लिंबर्ग फ्लॅप.* आजाराचा सगळा भाग काजूकतलीच्या आकारात, म्हणजे ६० आणि १२० अंशांच्या कोनांच्या समभुज चौकोनात, माकडहाडावरच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत काढतात. मग तेवढ्याच मापाचा तुकडा शेजारच्या नितंबावर आखतात: चौकोनाचा आडवा कर्ण तेवढ्याच लांबीने बाहेर वाढवायचा आणि त्याच्या टोकापासून चौकोनाच्या बाजूएवढी रेघ खाली न्यायची. कातडी, चरबी आणि नितंबाच्या स्नायूवरचा पडदा असा जाड तुकडा उचलून, फिरवून खड्ड्यात बसवतात. खड्डा मोठा असला तरी ताणाशिवाय भरतो आणि घळ उथळ होते. मोठ्या, दोन्हीकडे फाटे असलेल्या आजारात हा फ्लॅप भरवशाचा आहे.

उणं असं की नितंबावर वळणदार व्रण कायमचा राहतो, फ्लॅपवर बधिरपणा येतो, आणि मूळ आखणीत चौकोनाचं खालचं टोक घळीच्या मधोमध, गुदद्वाराजवळ येतं. परत उद्भवलेले आजार बऱ्याचदा नेमके त्या टोकाशीच असतात. म्हणून सुधारित लिंबर्ग करतात: संपूर्ण आखणी किंचित तिरकी करून खालचं टोक मधल्या रेषेपासून एक-दोन सेंटीमीटर बाजूला नेतात. लिंबर्ग ठरत असेल तर सुधारितच मागा.

*कारिडाकिस फ्लॅप.* इथे लंबगोल काप मधल्या रेषेच्या एका बाजूला घेतात. कापाची दोन्ही टोकं मधल्या रेषेपासून साधारण दोन सेंटीमीटर बाहेर असतात. मग मधल्या बाजूची कड चरबीच्या जाडीसकट सोडवून पलीकडे ओढतात, खाली माकडहाडाच्या पडद्याला बांधतात आणि बाजूला शिवतात. एकच उभी रेघ, लिंबर्गपेक्षा छोटा व्रण, नितंबाला हात नाही. कारिडाकिस यांनी १९९२ साली हजारो पेशंटचा अनुभव मांडला तेव्हा आजार परत येण्याचं प्रमाण सुमारे १ टक्का होतं. आजार मधोमध किंवा एकाच बाजूला असेल तर ही निवड चांगली. दोन्ही बाजूंना लांब फाटे असतील तर काप फार रुंद होतो आणि ताण येतो.

*बॅसकम यांची क्लेफ्ट लिफ्ट.* तत्त्व कारिडाकिसचंच, पण काटकसरीचं. इथे चरबी काढत नाहीत. छिद्रांची कातडी तेवढी काढतात, पोकळी खरवडून साफ करतात, दुसऱ्या बाजूची पातळ कातडी उचलून घळीवरून पलीकडे नेतात. घळच जवळपास नाहीशी होते. वारंवार ऑपरेशन होऊनही जखम भरत नाही, विशेषतः गुदद्वाराजवळचा भाग उघडा राहिला आहे, अशांना मी आधी हीच सुचवेन. हाताला सवय नसलेल्या सर्जनकडून मात्र करून घेऊ नये. फ्लॅपची जाडी आणि खालच्या टोकाची वळणं सरावानेच जमतात.

व्ही-वाय आणि फिरता फ्लॅप हे फार मोठ्या किंवा अनेकदा परतलेल्या आजारासाठी असतात, तिथे प्लास्टिक सर्जन सोबत असलेला बरा. झेड-प्लास्टीत (इंग्रजी झेडच्या आकाराचा काप) घळ सपाट होते, पण टोकांची कातडी काळी पडण्याचा धोका असतो.

मग लिंबर्ग की कारिडाकिस? दोन्हींची थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले तर आजार परत येण्यात ठळक फरक दिसत नाही. आजाराचा पसारा पाहावा आणि सर्जन जो नेमाने करतो तो फ्लॅप घ्यावा. कधीतरी करणाऱ्याच्या हातचा ‘उत्तम’ फ्लॅप मी घेणार नाही.

> तपासा: तारीख घेण्याआधी डॉक्टरांना कागदावर आखणी काढून दाखवायला सांगा आणि तीन गोष्टी विचारा. टाक्यांची रेघ कुठे येणार? तिचं खालचं टोक मधल्या रेषेपासून किती लांब असेल? काढलेला तुकडा तपासणीला पाठवणार का? ‘मधोमधच शिवू’ असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या.

टप्पा ५: ऑपरेशनआधीचा महिना

सिगारेट, गुटखा, तंबाखू, मशेरी निदान चार आठवडे आधी बंद करा आणि जखम भरेपर्यंत सुरू करू नका. फ्लॅप टिकतो तो बारीक रक्तवाहिन्यांवर आणि निकोटिन नेमक्या त्याच आवळतं. ‘मी ओढत नाही, फक्त मळून खातो’ हे ऐकायला मिळतं. त्याने फरक पडत नाही, निकोटिन तेच.

साखर असेल तर ताब्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

केस ऑपरेशनच्या दिवशी क्लिपरने (केस कापायच्या मशिनने) काढावेत. आदल्या रात्री घरी रेझर फिरवू नका. कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू शिरतात. कंबरेखालचा पाठीचा भागही मोकळा करून घ्या, कारण तिथले केस घरंगळून घळीतच येतात.

मेडिक्लेम असेल तर प्रतीक्षाकाळाचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत सायनससारख्या आजारांना सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होईल का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, भरती झाल्यावर नको.

घरीही तयारी लागते: बेडजवळ हाताच्या अंतरावर चार्जर आणि पाणी, पोटावर झोपण्यासाठी छातीखाली घ्यायला उशी, आणि कमोड. घरात भारतीय शौचकूप असेल तर कमोड खुर्ची भाड्याने आणून ठेवा.

टप्पा ६: ऑपरेशनच्या टेबलावर

हा टप्पा सर्जनचा आहे, तरी पेशंटला माहीत असावा. क्रम चुकला तर नंतर दुरुस्त होत नाही. भूल बहुधा कण्यातून देतात आणि पेशंटला पालथं झोपवतात. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा एक डोस जातो.

क्लेफ्ट लिफ्टची पहिली खूण नितंब मोकळे, एकमेकांना टेकलेले असतानाच पेनने करायची: दोन्ही बाजू जिथे भेटतात ती रेघ. मग चिकटपट्टीने नितंब बाजूला ओढायचे. आधी पट्ट्या ओढून मग आखणी केली की रेघ चुकते आणि बाजूला आणलेला व्रण पट्टी सोडल्यावर परत घळीत घसरतो. छिद्रातून निळा रंग सोडून फाटे पाहतात, पण जोराने सोडल्यास निरोगी चरबीही रंगते आणि नको तेवढं कापलं जातं. काढून झाल्यावर रक्तस्राव पूर्ण थांबवायचा, गरज वाटल्यास ड्रेन (आत साचणारं पाणी बाहेर ओढणारी नळी) ठेवायचा आणि खालून वर थराथराने शिवायचं. आत पोकळी राहिली तर पाणी साचतं. पाणी साचलं की टाके सुटतात.

टप्पा ७: पहिले दोन आठवडे

ड्रेनची बाटली दाबलेली, म्हणजे आत ओढ धरून असलेली हवी. फुगलेली दिसली तर नर्सला सांगा, कारण त्या क्षणी ती काही ओढत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी किती मिली आलं, ते लिहा. चोवीस तासांत २०-३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन बहुधा काढतात. घाईने काढून घेण्याचा हट्ट नको.

झोपणं पोटावर किंवा कुशीवर. पाठीवर झोपायचं का, हे तुमच्या सर्जनने सांगितल्याप्रमाणे. चालणं पहिल्या दिवसापासून, छोटी पावलं. मांडी घालून, उकिडवं किंवा खुर्चीत ताठ बसणं नाही. घळीच्या दोन्ही बाजू ताणल्या गेल्या की पहिला टाका खालच्या टोकाचा सुटतो.

शौचाला कुंथावं लागू नये म्हणून भरपूर पाणी, भाज्या आणि लिहून दिलं असेल तर पोट साफ होण्याचं औषध घ्या. धुताना पाणी जखमेकडे उडू देऊ नका, मऊ कापडाने टिपून कोरडं करा. घासू नका. खालच्या टोकाशी कोरडं गॉज ठेवा आणि ओलं झालं की बदला. हळद, तेल, अँटिसेप्टिक पावडर, शेजाऱ्याने दिलेलं मलम यांतलं काहीही टाक्यांवर लावू नका.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. खालचे टाके गरज असेल तर उशिरा.

> सावध: फ्लॅपचं टोक निळं-काळं पडणं, ठणका वाढत जाणं, ताप, अचानक खूप पाणी किंवा पू येणं, टाक्यांखाली डुचमळणारा फुगा: यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं पुरेसं नाही, फुगा हाताने तपासावा लागतो.

टप्पा ८: पुढचे महिने आणि केसांची शिस्त

टाके निघाल्यावर थोडं थोडं बसायला सुरुवात करा, दर अर्ध्या तासाला उठा. टेबलावरचं काम साधारण दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं. दुचाकीला मात्र महिना-दीड महिना हात लावू नका, खड्ड्यांचा प्रत्येक दणका थेट टाक्यांवर बसतो. जिममधले स्क्वॉट, वजन उचलणं, पोहणं डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावरच. स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतात. त्यांनी उभं राहून वाचायची सोय करावी, परीक्षा तोंडावर असेल तर ऑपरेशनची तारीखच पुढची घ्यावी.

केसांच्या बाबतीत दोन समज सोडा. एक, रेझर पुरतो. ऑपरेशननंतर रेझरने केस काढत राहणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण उलट जास्त आढळलं आहे. लेझरने केस कमी करणं परवडत असेल तर करा. ११ ते २१ वर्षांच्या मुलांवरच्या एका अमेरिकी चाचणीत नेहमीच्या काळजीला लेझरची जोड दिली तेव्हा वर्षभरात आजार परत येण्याचं प्रमाण १०.४ टक्के होतं, जोड नसलेल्यांत ३३.६ टक्के. लेझरची सुरुवात जखम पूर्ण भरल्यावर, आणि एका बैठकीत काम संपत नाही, हे धरून चाला. लेझर जमत नसेल तर क्लिपर वापरा.

दोन, केस फक्त तिथलेच असतात. सायनसमध्ये सापडणारे पुष्कळ केस डोक्याच्या मागच्या भागातले, कापल्यामुळे टोकदार झालेले असतात. सलूनमधून आल्यावर शर्ट झटकून भागवू नका. लगेच अंघोळ करा, मान आणि पाठ धुवा, घळ हाताने स्वच्छ करून कोरडी करा, कपडे बदला. तिशी उलटेपर्यंत तरी ही सवय ठेवा.

टप्पा ९: परत आलंय असं वाटलं तर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत खालच्या टोकाशी थोडं उघडं राहिलं असेल तर ती बहुधा न भरलेली जखम असते. केस दूर ठेवून, नियमित ड्रेसिंगने ती भरते. घाबरून लगेच दुसऱ्या ऑपरेशनला तयार होऊ नका. जखम पूर्ण भरून, मधे चांगला काळ जाऊन नवं छिद्र पडलं तर तो परतलेला आजार. तो पाच-सात वर्षांनीही येऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा दाखवून घ्या.

दुसऱ्या सर्जनकडे जाताना नुसतं डिस्चार्ज कार्ड नेऊ नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि आधीचे फोटो मागून घ्या, ते मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कोणत्या नितंबावरून फ्लॅप घेतला होता आणि तो किती जाडीचा होता, हे कळल्याशिवाय पुढची आखणी अंदाजाने करावी लागते.